परका माणूस, आपली हमी

नेपाळचा राखणदार कोकणातल्या आमराईत एका शब्दावर कामाला लागतो. जर्मनीचा, कोरियाचा किंवा चीनचा तंत्रज्ञ मात्र कागदांची चळत पार केल्याशिवाय कारखान्याच्या फाटकातून आत येऊ शकत नाही. परदेशी माणसाला नोकरीवर ठेवण्याचे आपल्या देशातले नियम नेमके आहेत तरी काय, आणि त्यांतून कोणाचे रक्षण होते?

झाशीहून बीनाकडे निघालेली रेल्वे शहर मागे टाकते न टाकते तोच बिजौली येते. इथे सरकारी औद्योगिक वसाहत आहे. जवळच खैलारला ‘भेल’चा १९७४ पासूनचा कारखाना आहे आणि आणखी पुढे बबीनाची लष्करी छावणी. लखनौ-मुंबई पुष्पक आणि गोरखपूर-मुंबई कुशीनगर या दोन्ही गाड्या याच रुळांवरून धावतात. बिजौलीला त्या थांबत नाहीत. पावसाळा सरला की या गाड्यांच्या साध्या डब्यांतून नेपाळी माणसे मुंबईकडे जाऊ लागतात. कोणी इमारतीवर पहारा द्यायला, कोणी हॉटेलात, कोणी थेट रत्नागिरी-देवगडच्या आंब्याच्या बागांत. त्यांच्याकडे पासपोर्ट नसतो, व्हिसा नसतो, आणि कायद्याने तो लागतही नाही.

आता समजा, याच बिजौलीतल्या एखाद्या लहान कारखानदाराने परदेशातून एक यंत्र मागवले. ते चालवायला आणि इथल्या पोरांना शिकवायला दोन वर्षांसाठी तिथला एक तंत्रज्ञ हवा. माणूस तयार आहे, पगार ठरला आहे. तरीही हा माणूस बिजौलीत येऊन कामाला लागेपर्यंत कारखानदाराला जे करावे लागते, ते पाहिले तर रुळांवरून गेलेल्या त्या नेपाळी माणसाचे त्याला नवल वाटेल. दोघेही परदेशी नागरिक, दोघेही पोटासाठी आलेले. एकासाठी दार सताड उघडे, दुसऱ्यासाठी दारावर सात कुलुपे.

कुलुपे आणि किल्ल्या

परदेशी माणसाने भारतात नोकरी करायची तर त्याला ‘एम्प्लॉयमेंट व्हिसा’ म्हणजे नोकरीचा व्हिसा लागतो. हा व्हिसा माणूस मागतो, पण तो उभा असतो मालकाच्या कागदांवर. मालकाची संस्था भारतात नोंदलेली हवी. नेमणुकीचे पत्र किंवा करार हवा. त्यात काम, मुदत, पगार स्पष्ट हवा. शिवाय माणूस त्या कामात खरोखर तरबेज आहे, हे त्याच्या शिक्षणावरून आणि अनुभवावरून दिसले पाहिजे. ज्या कामाला भारतात पुरेसे शिकलेले लोक मिळतात त्या कामासाठी, तसेच साध्या, नेहमीच्या किंवा कारकुनी कामासाठी हा व्हिसा द्यायचा नाही, असे धोरणच आहे. हिशेबनीस किंवा टंकलेखक परदेशातून आणता येणार नाही, हे उघड आहे. पण यंत्राचा तंत्रज्ञही ‘असा माणूस इथे मिळत नाही’ हे पटवून दिल्यावरच येतो.

दुसरी अट पगाराची. पूर्वी ती वर्षाला २५,००० डॉलर अशी सांगितली जाई. पुढे ती रुपयांत आली : वर्षाला १६ लाख २५ हजार. म्हणजे महिन्याला सुमारे १ लाख ३५ हजार रुपये. यापेक्षा कमी पगारावर परदेशी माणूस आणता येत नाही. बिजौलीसारख्या ठिकाणी या पगाराचा आकडा ऐकून लहान कारखानदाराचे डोळे पांढरे होतील यात शंका नाही. पण अटीमागचा हिशेब सरळ आहे. स्वस्त मजूर बाहेरून आणून इथल्या माणसाची रोजी मारली जाऊ नये. एवढा पगार द्यायची मालकाची तयारी आहे, म्हणजे त्याला त्या माणसाची खरी गरज आहे, असे सरकार धरून चालते.

या अटीला अपवाद आहेत आणि ते मोठे मजेशीर आहेत. आपल्या देशाचे खास जेवण रांधणारा आचारी, परकी भाषा शिकवणारा शिक्षक किंवा दुभाष्या, आणि परदेशी वकिलातींतले कर्मचारी यांना पगाराची ही मर्यादा लागू नाही. त्यामुळे मुंबईतल्या थाई हॉटेलाला थायलंडचा आचारी कमी पगारावर आणता येतो. जपानी भाषेचे वर्ग गल्लोगल्ली चालणाऱ्या पुण्यात जपानी शिक्षक आणायलाही ही सूट कामी येते. मात्र भाषाशिक्षकांच्या सुटीतून इंग्रजी वगळले आहे. गोरा मास्तर आणून शाळेची जाहिरात करू पाहणाऱ्या संस्थाचालकांना सरकारने वेळीच ओळखले होते, असे म्हणायला हरकत नाही.

पगार ठरला, कागद जमले, की तंत्रज्ञाने आपल्या देशातल्या भारतीय वकिलातीत अर्ज करायचा. इथेच बरेच मालक घोटाळा करतात. ‘आधी बिझनेस व्हिसावर बोलावून घेऊ, मग इथे बदलून घेऊ’ असा सल्ला देणारे मध्यस्थ गावोगाव भेटतात. बिझनेस व्हिसा हा सौदा करायला, माल पाहायला, बैठकीला येणाऱ्यासाठी असतो. त्यावर पगारी नोकरी करता येत नाही आणि एरवी तो भारतात बसून नोकरीच्या व्हिसात बदलूनही मिळत नाही. यंत्र बसवून देण्यापुरत्या येणाऱ्या तंत्रज्ञांसाठी मात्र अलीकडच्या वर्षांत केंद्राने वेगळ्या, लवकर निपटणाऱ्या वाटा काढल्या आहेत. या नियमांत वरचेवर बदल होत असल्याने गेल्या वर्षी शेजारच्या कारखान्याने काय केले होते, यावर विसंबून राहू नये. त्या आठवड्यात गृहखात्याच्या संकेतस्थळावर काय लिहिले आहे, ते पाहावे.

माणूस उतरला की कुलुपे संपली असे नाही. १८० दिवसांहून अधिक मुदतीचा नोकरीचा व्हिसा असेल तर पोहोचल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावे लागते. मोठ्या शहरांत यासाठी स्वतंत्र कार्यालये आहेत. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांकडे असते. २०१८ पासून बहुतेक काम संगणकावरून होते, त्यामुळे लखनौचे हेलपाटे पुष्कळसे वाचले. पण कागद तेच राहिले : पासपोर्ट, करार, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि मालकाचे हमीपत्र.

हे हमीपत्र नीट वाचून सही करावे असे आहे. हा माणूस इथे असेपर्यंत त्याच्या वागण्याची आणि काम संपल्यावर तो परत जाण्याची जबाबदारी आमची, असे मालक त्यात लिहून देतो. आपल्याकडे जामीन राहणे ही गोष्ट घरातले थोरले हजारदा सांगून थांबवतात. इथे मालक एका अनोळखी माणसाला सरकारदरबारी जामीन राहतो आणि पुष्कळदा ते पत्र कार्यालयातला कारकून इतर पंधरा कागदांबरोबर सहीला ठेवतो.

घरमालकही यातून सुटत नाही. आपल्या घरात किंवा हॉटेलात परदेशी माणूस राहायला आला, तर २४ तासांच्या आत तसे कळवावे लागते. हा कागद ‘सी फॉर्म’ म्हणून वर्षानुवर्षे ओळखला जातो. हॉटेलवाल्यांना तो पाठ असतो. वरचा मजला भाड्याने देणाऱ्या निवृत्त गृहस्थाला मात्र त्याचा पत्ताही नसतो. शेजारी लष्करी छावणी असलेल्या भागात तर ही नोंद चोख असलेली बरी.

१ सप्टेंबर २०२५ पासून या साऱ्या गोष्टी एका नव्या कायद्याखाली आल्या आहेत. पारपत्राचा १९२० चा, नोंदणीचा १९३९ चा, परदेशी नागरिकांचा १९४६ चा आणि वाहतूक कंपन्यांच्या जबाबदारीचा २००० चा, असे चार कायदे रद्द होऊन ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५’ हा एकच कायदा आला. व्हिसाची मुदत उलटून राहिले किंवा व्हिसाच्या अटी मोडल्या, तर तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. खोटी कागदपत्रे वापरली तर दोन ते सात वर्षे कैद आणि एक ते दहा लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. ‘एवढ्या तेवढ्या कागदाने काय होते’ असे म्हणायचे दिवस संपले.

पीएफचे कोडे

ज्या मालकाने इतके सगळे केले, त्याला पुढचा धक्का बसतो तो भविष्यनिर्वाह निधीत. १ ऑक्टोबर २००८ पासून परदेशी कर्मचाऱ्यांना पीएफच्या योजनेत ‘इंटरनॅशनल वर्कर’ म्हणून वेगळे स्थान मिळाले. भारतीय कर्मचाऱ्याला सक्तीची वर्गणी १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेपर्यंत. परदेशी माणसाला अशी मर्यादाच नाही. सगळा पगार मूळ वेतन धरला तर १६ लाख २५ हजारांवर १२ टक्के म्हणजे वर्षाला १ लाख ९५ हजार रुपये त्याच्या पगारातून, आणि तेवढेच मालकाच्या खिशातून. ज्या देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षेचा करार झाला आहे, त्यांच्या नागरिकांना सवलत मिळते. जर्मनी, फ्रान्स, जपान, दक्षिण कोरिया ही त्यांतली काही नावे. करार नसलेल्या देशाच्या माणसाला एरवी ही रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत हाती लागत नाही. तिशीतला तंत्रज्ञ दोन वर्षे बिजौलीत काम करून गेला, तर पैशासाठी पाव शतकाहून अधिक काळ थांबणार!

कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ही वेगळी तरतूद घटनाबाह्य ठरवली. पुढे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती वैध मानली. दोन न्यायालये दोन दिशांना असताना लहान मालकाने काय करावे, याचे उत्तर त्याच्या लेखापालाकडेही सहसा नसते. बहुतेक जण वर्गणी भरून मोकळे होतात.

ही योजना वाचताना एक ओळ मात्र डोळ्यांत भरते. नेपाळ आणि भूतानचे नागरिक यांत परदेशी धरलेले नाहीत. जुन्या मैत्रीकरारांमुळे पीएफच्या कामी ते भारतीयच समजले जातात. त्यांच्याकडे आपण पुढे वळूच.

२००९ चा बडगा

हे नियम इतके कडक का झाले, हे समजून घ्यायला २००९ साल आठवावे लागते. त्या काळात वीजप्रकल्पांची आणि पोलाद कारखान्यांची मोठी कामे चिनी कंपन्यांकडे गेली होती. यंत्रसामग्रीबरोबर तिकडची माणसेही आली, आणि त्यांतली बरीच बिझनेस व्हिसावर. इंजिनियर आले तसे सुतार, वेल्डर, आचारी, साधे मजूरही आले. ज्या राज्यांत प्रकल्प होते तिथल्या तरुणांनी विचारले, की भिंत बांधायला चीनचा माणूस कशाला? प्रश्न रास्त होता. सरकारने बिझनेस व्हिसावर काम करणाऱ्यांना ३१ ऑक्टोबर २००९ पर्यंत परत जाऊन योग्य व्हिसा घेण्यास सांगितले. प्रकल्पावरच्या परदेशी माणसांच्या संख्येवर बंधन आले आणि पाठोपाठ पगाराची किमान अटही आली.

यात अन्यायही झाला. खरोखरचे तंत्रज्ञ निघून गेल्याने कामे रखडली आणि त्याची झळ इथल्याच कंत्राटदारांना लागली. पुढे २०२० मध्ये सीमेवर गलवानचा संघर्ष झाल्यावर चिनी तंत्रज्ञांचे व्हिसे पुन्हा अडले. परदेशातून आणलेली यंत्रे सुरू करायला माणूस मिळेना, म्हणून उद्योजकांनी सरकारकडे धाव घेतली. नियम सैल केले की बाहेरचा मजूर घुसतो, आवळले की कारखाना अडतो. हा झोका गेली पंधरा-सोळा वर्षे चालूच आहे.

महादजींचा साहेब

परक्या माणसाला नोकरीवर ठेवण्याचे राजकारण झाशीच्या मुलखाला मुळीच नवे नाही. शेजारच्या ग्वाल्हेरच्या महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये बन्वा द ब्वान्य या सॅव्हॉयच्या माणसाला पदरी ठेवले. आपल्या बखरकारांच्या आणि पोवाडेकारांच्या तोंडी तो ‘डिबॉइन’ झाला. कवायती पलटणी उभारणे हे त्याचे काम. इंग्रजांविरुद्ध लढणार नाही, ही अट त्याने नोकरी धरतानाच घातली होती आणि महादजींनी ती मान्य केली. नोकर मालकाला अट घालतो आणि मालक ती पाळतो, असा हा करार. त्या पलटणींनी १७९० मध्ये पाटण आणि मेडता, १७९३ मध्ये लाखेरी अशा लढाया जिंकून दिल्या. महादजींच्या मागे तो मायदेशी परतला. फ्रान्समधल्या शांबेरी गावात त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचे कारंजे आजही आहे.

इंग्रजांनी यातून धडा घेतला. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात त्यांनी दुसऱ्या बाजीरावाकडून लिहून घेतले, की इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीय राष्ट्रांची माणसे पेशव्यांनी नोकरीला ठेवायची नाहीत. वर्षभराने, ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी अंजनगावच्या तहात दौलतराव शिंद्यांनाही तसेच कबूल करावे लागले. त्यात तर फ्रेंचांबरोबर अमेरिकनांचाही उल्लेख आला. लढाई चालू असताना, शिंद्यांच्या फौजेतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नोकरी सोडली तर कंपनी त्यांच्या पोटापाण्याचे पाहील, असा जाहीरनामाही लॉर्ड वेलस्लीने काढला होता. कोणाला कोणी नोकरी द्यावी हे ठरवण्याचा अधिकार गेला, तेव्हा मराठी सत्तेचा कणा मोडला होता. आजचा व्हिसा अधिकारी हा त्याच अधिकाराचा कारकुनी चेहरा होय. एखादे राष्ट्र आपल्या घरात कोण काम करील हे स्वतः ठरवते, म्हणूनच हे कागद असतात. त्यांचा कंटाळा येणे साहजिक आहे, पण ते उगाच नाहीत.

आपली मुले परदेशात, त्यांची इथे

हे सगळे वाचताना ज्यांची मुले परदेशात आहेत अशा घरांना ओळखीचे वाटेल. अमेरिकेचा ‘एच वन बी’ तिथली कंपनी अर्ज करते तेव्हाच मिळतो. वर्षाला ६५,००० आणि तिथे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० ही त्याची मर्यादा. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून करायच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हा पुण्या-नाशिकच्या किती घरांत रात्रभर फोन वाजत राहिले असतील! तिथे नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरी शोधावी लागते, हेही आता आजी-आजोबांना पाठ झाले आहे. इंग्लंडमध्ये मालकाजवळ सरकारी परवाना असल्याशिवाय तो परदेशी माणसाला बोलावू शकत नाही. मालकाचा परवाना रद्द झाला की काहीही चूक नसलेला कर्मचारी उघड्यावर येतो. वृद्धांच्या सेवेसाठी परदेशातून थेट माणसे घेण्याची वाट तर जुलै २०२५ मध्ये बंदच झाली. आखातातल्या ‘कफाला’ पद्धतीत कामगार मालकाच्या नावाशी बांधला जाई. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढून टाकली, तेव्हा त्याचे स्वागत झाले.

पण आपल्या घरचा नियम काय? नोकरीच्या व्हिसावर भारतात आलेल्या माणसाला देशात राहून मालक बदलता येत नाही. मूळ कंपनी आणि तिची उपकंपनी यांच्यात बदली होत असेल तर परवानगी घेऊन चालते. एरवी परत जायचे आणि नव्या मालकाच्या कागदांवर नवा व्हिसा घेऊन यायचे. अमेरिकेत २००० च्या कायद्यापासून दुसऱ्या कंपनीने अर्ज दाखल केला, की एच वन बीवाला तिथे काम सुरू करू शकतो. म्हणजे या एका बाबतीत आपण अमेरिकेपेक्षा कडक आहोत. मुलगा न्यूजर्सीत आहे म्हणून तिकडच्या नियमांना नावे ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे. बिजौलीतला तो तंत्रज्ञ मालकाशी पटले नाही तर काय करील? बॅग भरील. त्याची पत्नी बरोबर आली असेल तर तिला सोबतचा व्हिसा मिळतो, पण त्यावर नोकरी करता येत नाही. सुशिक्षित सुना परदेशात घरी बसून राहतात, ही खंत आपल्याकडे पुष्कळ ऐकू येते. इथे येणाऱ्या बायकांचीही तीच गत आहे.

आमराईतला ‘बहादूर’

आता त्या उघड्या दाराकडे वळू. ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमाने एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची आणि हिंडण्याफिरण्याची मुभा दिली. त्यामुळे नेपाळी माणसाला भारतात कामासाठी व्हिसा लागत नाही, मालकाला हमीपत्र द्यावे लागत नाही आणि पगाराची ती सोळा लाखांची अटही नाही.

कोकणातल्या आंबा बागायतीचा मोठा भार आज या माणसांवर आहे. गावातली तरणी पोरे मुंबईला गेली आणि बागा राखायला कोणी उरले नाही. रत्नागिरी, राजापूर, देवगड भागातल्या बागायतदारांनी नेपाळी राखणदार ठेवायला सुरुवात केली आणि पाहता पाहता ते अंगवळणी पडले. पावसाळा संपला की ते येतात. बागेतल्या खोपटात किंवा खोलीत राहतात. बेणणी, फवारणी, रात्रीची राखण, वानर हाकलणे, आणि मार्च ते मे काढणी. पावसाच्या तोंडावर पुष्कळसे परत जातात. मिरकरवाड्यासारख्या बंदरांत मच्छीमारी नौकांवर खलाशी म्हणूनही नेपाळी तरुण दिसतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तेही गावाकडे निघतात.

मालक त्याला ‘बहादूर’ म्हणतो. शेजारच्या बागेतलाही बहादूर, बाजारात भेटतो तोही बहादूर. खरे नाव, गाव, जिल्हा विचारायची फारशी कोणी तसदी घेत नाही. नातेही वाईट नसते. सणाला घरून पुरणपोळी जाते, मालकिणीला तो ‘भाभीजी’ म्हणतो, तिच्या आजारपणात डॉक्टरला आणायला धावतो. दहा-दहा वर्षे एकाच बागेत येणारी माणसे आहेत. पण नाते कागदावर नसते, आणि अडचण आली की नेमके तेच कमी पडते.

कुठल्याच कुंपणात न बसणारा असा हा कामगार आहे. नेपाळमधून आखातात किंवा मलेशियात जाणाऱ्याला त्याचे सरकार श्रमपरवाना देते आणि त्याबरोबर विमा व कल्याण निधीचे संरक्षण. भारतात यायला असा परवाना लागत नाही, त्यामुळे ते संरक्षणही बरोबर येत नाही. इकडे भारतात, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कामाला जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ पासून वेगळा कायदा होता; २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या तरतुदी नव्या कामगार संहितेत आल्या. बिजौलीच्या आसपासच्या खेड्यांतून पुण्याला बांधकामावर जाणारा बुंदेलखंडी मजूर त्यात बसतो. नेपाळी माणूस शब्दशः पाहिले तर बसत नाही, कारण तो भारतातल्या कोणत्याच राज्यातून आलेला नाही! पीएफच्या कामी भारतीय, स्थलांतरित मजूर म्हणून परका. तसे पाहता आमराईत पीएफ कापला जाण्याचा प्रश्नही सहसा येत नाही.

२०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि सीमा बंद झाली, तेव्हा हे उघडे पडले. आंब्याचा हंगाम कसाबसा उरकला. परतीची वेळ आली तेव्हा गाड्या नव्हत्या. श्रमिक रेल्वेगाड्या राज्यांच्या मागणीवरून राज्याराज्यांत धावत होत्या. यांच्यासाठी मागणी करणारे राज्यच नव्हते. ज्यांचे मालक खटपटे होते, त्यांची सोय लवकर झाली.

म्हणून नेपाळी माणूस कामाला ठेवणाऱ्या घरांनी आणि बागायतदारांनी कायदा सांगत नाही म्हणून गप्प बसू नये. नेपाळचे नागरिकत्व प्रमाणपत्र, ज्याला ते ‘नागरिकता’ म्हणतात, त्याची प्रत घ्यावी. त्यावरचे पूर्ण नाव, जिल्हा, वडिलांचे किंवा पत्नीचे नाव वहीत लिहून ठेवावे. गावचा एक फोन नंबर तर हवाच. वर्षात १८२ दिवसांहून अधिक काळ इथे राहिलेल्या नेपाळी नागरिकाला आधार क्रमांक मिळू शकतो आणि त्यावरून बँकेत खाते उघडणे सोपे जाते. गावी पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ निधी योजना २००८ पासून आहे. ती माहीत नसल्याने वर्षाची कमाई कमरेला बांधून तीन दिवस रेल्वेच्या साध्या डब्यात प्रवास करणारे अजूनही आहेत, आणि वाटेत गुंगीचे औषध देऊन लुटणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते.

झाडावरून पडणे, फवारणीची विषबाधा, साप चावणे हे बागेतले नेहमीचे धोके. कामावर असताना अपघात झाल्यास द्यायच्या भरपाईचा कायदा कामगाराचे नागरिकत्व विचारत नाही. तो विचारतो ते एवढेच, की हा माणूस तुमच्याकडे कामाला होता का, आणि त्याला पगार किती होता. बागायतदारांनी राखणदारांची माहिती द्यावी असे पोलीस दर हंगामात सांगतात आणि बरेच जण ती देतातही : नाव, छायाचित्र, ओळखीच्या कागदाची प्रत. पोलिसांना हवी असते ती ओळख. महिना किती ठरला, उचल किती दिली, किती बाकी आहे, हे त्या कागदावर नसते. ते मालकाच्या वहीत असते आणि त्या वहीवर राखणदाराची सही सहसा नसते.